पाखरं हाकणारा आवाज

गेल्या महिन्यात आमच्या पोशीरच्या शेतातलं भात दुधात आलं आणि दुसऱ्याच दिवशी पाखरं आली. दरवर्षी ती अशीच येतात, कुणी निरोप धाडल्यासारखी. उन्हं बांधावर यायच्या आत थवा उतरतो, लोंब्या वाकतात, आणि सासूबाई तेलाचा रिकामा डबा काठीनं बडवत बांधाबांधानं चालू लागतात. मी ओट्यावर चहाचा कप धरून ऐकत बसते. डबा थांबला की मधल्या शांततेत वाटतं, आता कुणीतरी हाक देईल. ती हाक माझ्याच छातीत भरून येते, गळ्यापर्यंत चढते आणि तिथं थांबते.

या दिवसांची मला भीती वाटते. भात कापून झालं, तुळशीचं लग्न लागलं की हळदी सुरू होतात, आणि आमच्या भागात जिथं हळद असेल तिथं कधी ना कधी ते गाणं लागतंच. आधी नुसता वारा ऐकू येतो. मग भाताच्या झोडणीसारखा ठोका, एक, दोन, एक, दोन. आणि मग एक बाई लांबून हाक देते. मंडपातली पोरं हात वर करून ओरडतात. ती बाई मी आहे. म्हणजे सात वर्षांपूर्वी होते.

हाक मूळची माझ्या आत्याची. माझं माहेर खालापूर तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याला. सुमनआत्या नवरा गेल्यावर आमच्याकडे राहायला आली होती. भात राखायचं काम तिचं. मचाणावर चढून ती दोन्ही हात तोंडाभोवती धरायची आणि हाक सोडायची:

"हाऽऽ होऽऽ राघू, पल्याड जा,
पल्याडच्या बांधाचं दाणं खा."

पल्याडच्या शेतातली बाई तेच म्हणून थवा परत आमच्याकडे पाठवायची. दिवसभर पाखरं अशी इकडून तिकडे. मी शाळेतून आले की दप्तर मचाणाखाली टाकून वर जायची. आत्या म्हणायची, "गळ्यातनं नको ओरडू गं. पोटातनं सोड. पाखराला कळतं कोण मनापासनं हाकतंय." मी दहावीत असताना आत्या गेली. पुढं ती जमीनही गेली. आता तिथं एक भलंमोठं गोदाम आहे, निळ्या पत्र्याचं, आणि पुढं ट्रक उभे असतात. माहेरी जाताना मी त्या बाजूला बघत नाही.

लग्नानंतर पोशीरला आले तेव्हा मी नेरळच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. नवरा, सुधीर, खोपोलीला कारखान्यात. घरची शेती सासूबाईंच्या अंगावर. रविवारी मी त्यांच्याबरोबर शेतात जायची आणि आत्याची हाक तिथं द्यायची. सासूबाईंना तिची गंमत वाटायची. त्या म्हणायच्या, "तुझ्या आवाजानं पाखरं उडतात का ऐकायला थांबतात, काय कळत नाय."

त्या वर्षी पाऊस वेळेवर थांबला होता. भात एकसारखं निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या, आणि ऑक्टोबरच्या उन्हात सगळं शिवार हिरव्याचं पिवळं होताना दिसायचं, रोज एक छटा. तन्वी तेव्हा दीड वर्षाची. उंबराच्या फांदीला साडीची झोळी बांधून मी तिला त्यात निजवायची आणि पाखरं हाकायची. हाकेनं ती कधी जागी झाली नाही. हाक थांबली की चुळबुळायची.

अशाच एका रविवारी नीलेश जेवायला आला. सुधीरचा मावसभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान, शेलूला नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर एकटा राहायचा. मुंबईत एका डबिंग स्टुडिओत कामाला होता. दुसऱ्यांचे आवाज साफ करणं हेच त्याचं काम. घरी आला की तो कॉम्प्युटरवर स्वतःची गाणी करायचा. ती आम्ही ऐकली होती, कौतुकही केलं होतं, पण खरं सांगायचं तर त्यातलं एकही नंतर आठवायचं नाही.

त्या दिवशी तो जेवण झाल्यावर शेतात आला आणि बांधावर बसून राहिला. मी हाक देऊन वळले तर हातात मोबाईल धरलेला.

"वहिनी, परत एकदा म्हणा," तो म्हणाला.

मी हसले. म्हटलं, पाखरं आली की म्हणेन, अशी उगाच कशी म्हणू? तो थांबला. पाखरं आली, मी हाक दिली, त्यानं ती घेतली. त्यातला वारा अजून त्या गाण्याच्या सुरुवातीला आहे. उंबराची पानं आहेत. नीट कान दिला तर झोळीचा दोर करकरतो तेही ऐकू येतं, पण ते मला ठाऊक आहे म्हणून.

पुढच्या रविवारी त्यानं मला शेलूला बोलावलं. म्हणाला, शेतातलं छान आहे, पण हाक जवळून पाहिजे, नीट माईकवर. सुधीर, मी, तन्वी, तिघंही गेलो. बेडरूमच्या भिंतीला त्यानं गाद्या उभ्या लावल्या होत्या आणि कपाटाची दारं उघडी ठेवली होती. त्याच्या आईच्या जुन्या साड्या त्यात कोंबलेल्या. म्हणाला, कापड आवाज पिऊन टाकतं. मी माईकसमोर उभी राहिले आणि मला हाक येईना. आवाज यायचा, सूरही बरोबर लागायचा, पण ती हाक नव्हती. गाद्यांना कोण हाका मारतं? आठ-दहा वेळा झालं. नीलेश नुसता मान हलवून परत लावायचा. शेवटी मी म्हटलं, "भावजी, गॅलरीचं दार उघडा."

दोन इमारतींच्या फटीतून लांब भाताची खाचरं दिसत होती, हातरुमालाएवढी. मी माईक तिथवर ओढायला लावला, त्या तुकड्याकडे बघितलं आणि पोटातून हाक सोडली. वरच्या छज्ज्यावरची कबुतरं फडफडून उडाली. खाली एका माणसानं मान वर करून बघितलं. नीलेशनं डोळे मिटले होते. तो म्हणाला, "झालं."

मग महिनाभर त्याचं काम चाललं. आमच्या खळ्यावर येऊन त्यानं झोडणीचा आवाज घेतला. सासूबाई आणि दोघी बायका भाताच्या पेंढ्या फळीवर आपटत होत्या, त्याचाच त्यानं ठोका केला. माझी हाक त्यानं तोडली, एकावर एक ठेवली, काही तुकडे खाली उतरवले, काही इतके वर नेले की ते पाखरासारखेच लागायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कळेचना मी कुठं आहे. एका मचाणावर मी, पल्याडच्या मचाणावरही मीच, मधल्या शेतातही मी. थवा एकटी मीच इकडून तिकडे हाकतेय. त्यानं माझे श्वास काढून टाकले होते. मी म्हटलं, श्वास राहू द्या हो, श्वासाशिवाय बाई कशी ओरडेल? त्यानं एक ठेवला, शेवटच्या हाकेआधीचा. गाण्याचं नाव आम्ही 'पल्याड' ठेवलं. त्यानं माझं नाव घालायचं म्हटलं, तर शाळेतले काय म्हणतील म्हणून मी नको म्हटलं. 'हाक: वहिनी' एवढंच त्यानं खाली लिहिलं.

दिवाळी झाल्यावर त्यानं ते इंटरनेटवर टाकलं आणि काहीही झालं नाही. आम्हीच ऐकलं, नातेवाइकांना पाठवलं. त्यांनी अंगठे पाठवले. नीलेश आठवडाभर दर तासाला आकडा बघायचा, मग त्यानं बघायचं सोडलं. मला वाईट वाटलं ते त्याच्यासाठी. माझ्या मनात तर ते शेतातलं होतं आणि शेतात परत गेलं होतं.

बाबांना ऐकवायला मी मोबाईल घेऊन माहेरी गेले. त्यांनी तो फोन आल्यासारखा कानाला लावला. पूर्ण ऐकलं. ठोक्याबद्दल, कॉम्प्युटरबद्दल काहीच विचारलं नाही. मोबाईल परत देताना म्हणाले, "सुमी आली का काय, असं झालं." आणि उठून बाहेर गेले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा आवाज आपला आहे असं आपण उगाच धरून चाललोय. आत्यानं तो माझ्या गळ्यात ठेवला होता. तिच्या गळ्यात कुणी ठेवला असेल कोण जाणे.

पुढं उन्हाळ्यात काय घडलं ते नीट कुणालाच सांगता येत नाही. कर्जतच्या बाजूला एका फार्महाऊसवर कुणाचं तरी लग्न होतं, तिथं नवरीच्या येण्याला कुणीतरी ते गाणं लावलं, त्याचा छोटा व्हिडिओ पसरला. नवरी शेतातून चालत येते आणि मागून माझी हाक. मग एकाचं बघून दुसऱ्यानं केलं. धबधब्यावर आलेली पोरं, हळदीतल्या बायका, ट्रॅक्टरवर उभे राहिलेले शेतकरी, सगळे त्या हाकेवर तोंड हलवायला लागले. नीलेश फोन करून नुसता हसायचा. बोलताच यायचं नाही त्याला.

सासूबाईंना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, "पाखरं हाकायची ती. लग्नात काय म्हणून वाजवतात गं? आलेलं घालवायचं असतं ते." मी हसण्यावारी नेलं. पण ते वाक्य माझ्या मनात राहिलं. खरंच, त्या गाण्यात एकच गोष्ट परत परत सांगितली आहे: जा, पल्याड जा.

त्याच पावसाळ्यात माझ्या गळ्याशी गाठ लागली. आंघोळीच्या वेळी हाताला जाणवली, सुपारीएवढी. तपासण्या झाल्या. थायरॉइडची गाठ, काढून टाकणं बरं, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या बाई चांगल्या होत्या. कागदावर पेनानं चित्र काढून त्यांनी दाखवलं की गाठीला चिकटून एक बारीक नस जाते, तिच्यावर आवाज चालतो, तिला जपूच, पण कधी कधी तिला धक्का लागतो. मी सही केली. ऑपरेशन तुळशीच्या लग्नानंतर ठरलं. मला तेव्हा फक्त गाठ साधी निघू दे असं वाटत होतं. ती साधीच निघाली. जीव वाचला म्हणावं असं काही झालंच नव्हतं, म्हणून आवाज गेल्याचं रडायला मला तोंड नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर मी पाणी मागितलं आणि कुणालाच ऐकू गेलं नाही. नुसती हवा. डॉक्टर म्हणाल्या, सहा महिने वाट बघू. सहा महिन्यांनी जो आला तोच आज आहे: खरखरीत, खालचा, चार वाक्यांनी थकणारा. वर चढतच नाही. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचत नाही म्हणून मी वर्ग सोडला. शाळेनं समजून घेतलं, मला कार्यालयात बसवलं. मी दाखले लिहिते, टपाल बघते. तास सुरू असताना शेजारच्या वर्गातून कविता ऐकू येते, आणि मी हातातलं काम थोडं जोरानं करते.

ऑपरेशननंतर घरी आल्यावर चौथ्या दिवशी शेजारच्या आळीत हळद होती. संध्याकाळचे सहा वाजले असतील. माझ्या गळ्याला पट्टी, बोलायची मनाई. मी पडून होते आणि भिंतीपलीकडून मी ओरडायला लागले. खिडकीची काच थरथरत होती. सुधीर धावत सांगायला निघाला, मी हातानं थांबवलं. कुणाच्या हळदीत काय सांगणार? तो पलंगाशी बसला आणि त्यानं माझे कान आपल्या हातांनी झाकले. मला त्याच्या तळहातांतूनही ऐकू येत होतं. शेवटच्या हाकेआधीचा तो एक श्वास आला आणि माझी छातीही त्याच्याबरोबर भरली. हाक मात्र पलीकडेच झाली.

तेव्हापासून ती बाई मला भेटत राहिली. कशेळ्याला मामेबहिणीकडे जाताना जीपमध्ये माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती. वरच्या वाडीवरची असावी. तिच्या फोनवर ती बाई होती, आणि मुलगी हलक्या आवाजात तिच्याबरोबर म्हणत होती. फार सुरेख म्हणत होती, आत्याला आवडलं असतं असं, पोटातून. मी विचारलं, कुणी म्हटलंय हे? माझ्या घोगऱ्या आवाजाकडे तिनं दचकून पाहिलं. म्हणाली, "मुंबईची कोनतरी बाई हाय." मी मान हलवली.

मग एकदा गाण्याखाली लोकांनी लिहिलेलं वाचत बसले. कुणीतरी विचारलं होतं, ही वहिनी कोण, कुठल्याच कार्यक्रमात दिसत नाही. त्याखाली एकानं लिहिलं होतं की ती वारली, गळ्याचा आजार झाला होता. त्याला कुणी सांगितलं, कुठून कळलं, देव जाणे. आणि त्याखाली ओळीनं हात जोडलेले, दिवे, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. एका बाईनं लिहिलं होतं, माझ्या आईला हे गाणं फार आवडायचं, आता दोघी वर भेटल्या असतील. मी ते सगळं शेवटपर्यंत वाचलं. नीलेश खवळला होता, त्याला खुलासा टाकायचा होता. मी नको म्हटलं. खुलासा करायचा म्हणजे माझ्या आत्ताच्या आवाजात बोलायचं, आणि ते ऐकून त्या लोकांना आधीचीच बातमी बरी वाटली असती.

एका हळदीत तर समोरासमोर झालं. गाणं लावणारा पोरगा कुणाला तरी सांगत होता की ही बाई आपल्याच नेरळकडची होती, गेली बिचारी. सुधीर माझ्याकडे बघायला लागला. मी पुढं होऊन म्हणाले, "मी हाय ती." स्पीकरच्या आवाजात त्याला ऐकूच गेलं नाही. त्यानं कान पुढं केला. मी परत म्हणाले. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि फार अदबीनं म्हणाला, "काकी, तुमचा घसा बसलाय वाटतं. पाणी देऊ?"

गेल्या वर्षी पाखरं फार होती. सासूबाईंच्या गुडघ्यांना दिवसभर बांधावरून फिरणं झेपेना. मला सुट्टी नव्हती. एक दिवस घरी आले तर शेतातून माझी हाक. खरोखर शेतातून, भरल्या उन्हात. मी चपला न घालता धावत गेले. सुधीरनं उंबराला एक छोटा स्पीकर टांगला होता आणि गाणं परत परत लागत होतं. पाखरं उठत होती, गिरकी घेऊन पलीकडे जात होती. सासूबाई बांधावर बसल्या होत्या. त्यांना वाटलं होतं मला राग येईल. राग आला नाही. मी त्यांच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघींनी माझं काम पाहिलं. चौथ्या दिवशी मात्र पाखरं सरावली. गाणं चालू असताना ती लोंब्यांवर निवांत बसायची, एक-दोन स्पीकरवरच. सासूबाईंनी सुधीरला तो काढायला लावला. मला म्हणाल्या, "त्यांना कळलं गं. आत कोण नाय."

आणि आता यंदाचं.

दसऱ्यानंतर नीलेशचा फोन आला. आवाजात काहीतरी अडखळत होतं. म्हणाला, "वहिनी, येऊन जा एकदा. फोनवर सांगण्यासारखं नाही." रविवारी सकाळी मी तन्वीला घेऊन गेले. ती आता साडेआठ वर्षांची. घरात ते गाणं कधी लावत नाही, आणि बाहेर लागलं तरी ते आपल्या आईचं आहे हे तिला फक्त ऐकून माहीत. माझा मूळ आवाज तिला आठवण्याचं कारण नाही, असं मी धरून चालले होते.

नीलेशचं लग्न झालंय, गाद्या भिंतीवरून गेल्यात, पण गॅलरी तीच. दोन इमारतींमधली फट मात्र तिसऱ्या इमारतीनं भरून टाकली आहे. त्याची बायको माहेरी गेली होती. तन्वी गॅलरीत झोक्यावर बसली. नीलेशनं मला कॉम्प्युटरसमोर खुर्ची दिली आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला की लोक दुसरं गाणं मागतायत, इतकी वर्षं झाली तरी. त्या दिवशीच्या सगळ्या हाका, चुकलेल्यासुद्धा, त्याच्याकडे आहेत. आपण मधे बोललेलो, हसलेलो, तेही आहे. आता असे प्रोग्रॅम आलेत की तेवढ्यावरून आवाज तयार होतो, पाहिजे ते शब्द त्याला म्हणायला लावता येतात.

"तुमच्या परवानगीशिवाय एक ओळही करणार नाही," तो म्हणाला. "पण मला वाटलं, तुम्हाला... तुमचा तुम्हाला परत मिळेल."

तो माणूस वाईट नाही. माझा आवाज गेला तेव्हा माझ्याइतकाच तो खचला होता. वर्षभर त्यानं कुठलंच गाणं केलं नव्हतं.

त्यानं चार ओळी ऐकवल्या. पावसाचं काहीतरी होतं, त्यानंच लिहिलेलं. मी ते कधी म्हटलं नव्हतं, आणि मीच म्हणत होते. 'दाणं' म्हणताना माझा 'ण' किंचित नाकात जायचा, तसाच तो गेला. मी म्हटलं, "ही बोलते पण?"

तो म्हणाला, "इथं लिहा काहीही."

काय लिहावं सुचेना. सहा वर्षांत त्या आवाजात किती काय बोलायचं राहिलं होतं. वर्गाला, बाबांना, सुधीरशी भांडताना. आणि बोटांनी जे लिहिलं ते असं: 'तनू, ये गं जेवायला.' नीलेशनं बटण दाबलं.

खोलीत माझ्या आवाजानं माझ्या मुलीला हाक मारली. स्वच्छ, वर चढणारी, शेवटी जराशी लाडात लांबवलेली.

गॅलरीतून लगेच उत्तर आलं, "आले गं."

आमच्याकडे म्हणतात, अनोळखी जागी एकदाच हाक आली तर ओ द्यायची नाही, दुसऱ्यांदा यायची वाट बघायची. ते मला तेव्हा आठवलं आणि मी खुर्चीतून उठलेच. झोका थांबल्याचा आवाज आला. तन्वी दारात येऊन उभी राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती स्पीकरकडे बघत होती, घरातलं कुणीतरी बऱ्याच दिवसांनी आल्यावर बघावं तशी, ओळखीचं आणि जरा लाजत. मग माझ्याकडे वळली.

"तू हाक मारलीस?"

"हो," मी म्हणाले. माझ्या या आवाजात. तिचा चेहरा गोंधळला.

नीलेशनं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला होता. मी त्याला म्हटलं, "भावजी, गाणं नका करू. मी म्हटलेलं आहे तेवढं राहू द्या. न म्हटलेलं नको." त्यानं एकदाही का म्हणून विचारलं नाही. त्यानं केलेलं ते सगळं माझ्यासमोर काढून टाकलं, जुन्या हाका तेवढ्या ठेवल्या. काढताना त्याचे डोळे भरले होते. तो तोंड फिरवून चहा करायला गेला.

परत येताना रिक्षा केली. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडत होतं आणि काही ठिकाणी कापणीही सुरू झाली होती. तन्वी कापणीकडे बघत होती. मग म्हणाली, "आई, मगाशी मारलीस तशी हाक मार ना."

मी मारली.

"अशी नाही. तशी."

"तशी आता येत नाही गं."

तिनं विचारलं, "ती गेली का?"

सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते की मी आहे, काही झालेलं नाही, गाठ साधीच होती, जीवापेक्षा आवाज मोठा नाही. त्या लोकांच्या श्रद्धांजल्या वाचूनही मी मनात तेच म्हणत होते.

"हो," मी म्हणाले. "गेली."

"मग तू रडलीस?"

मी तिला खरं ते सांगितलं, नाही रडले. आणि सांगता सांगताच ते सुरू झालं. मला थांबवता येईना, थांबवायचंही नव्हतं. तन्वी माझा हात धरून समोर रस्त्याकडे बघत बसली, मोठ्या माणसासारखी. रिक्षावाल्यानं आरशातून एकदा पाहिलं आणि काही न विचारता त्याच्याकडे वाजत असलेलं गाणं बंद केलं. ते माझं नव्हतं, दुसरंच कुठलं तरी होतं.